धार कोण काढतं?

आमच्या गावातल्या दूध उत्पादकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी पशुवैद्यकीयला प्रवेश घेतला त्याच वर्षी चुलत्यांनी मला त्यात घातलं. 'घरातली पोरगी डॉक्टर होणार' या कौतुकापोटी. तेव्हा ग्रुपवर १८० माणसं होती. त्यात बाया दोनच. एक दूध संकलन केंद्रावर हिशेब बघणारी ताई आणि दुसरी मी. सकाळी फॅटचे आकडे यायचे, मग सरकीच्या पेंडेचे भाव, मग कुणाचा तरी वाढदिवस. या सगळ्याच्या मध्येच एखाद्या आजारी गाईचा धुरकट फोटो येऊन पडायचा. खाली तीन शब्द : 'खात नाही. औषध?'

आज माझी इंटर्नशिप चालू आहे. या पाच वर्षांत मी बरंच काही शिकले. शरीररचना, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून गर्भ चाचपणं. पण त्या 'औषध?'ला काय उत्तर द्यायचं, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. नीटमधून प्रवेश, साडेचार वर्षं वर्ग, प्रयोगशाळा आणि दवाखाना, शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार ही नोंदणी झाल्याशिवाय स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. गावाला मात्र एवढं थांबायला सवड नसते. पहिल्या वर्षी मी हाडांची नावं पाठ करत होते आणि गाव मला विचारत होतं, "म्हस माजावर येत नाही, काय देऊ?"

मी उत्तर दिलं नाही, तरी उत्तरं येतच. ग्रुपवर कुणीतरी इंजेक्शनच्या बाटलीचा फोटो टाकायचा. 'माझ्या गाईला हेच मारलं, दुसऱ्या दिवशी उठली.' कुठली गाय, किती वजनाची, कशानं बसली होती, याचा पत्ता नाही. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे तर कुणीच लिहायचं नाही. प्रतिजैविक टोचल्यावर काही दिवस त्याचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध शेवटी कुणाच्या तरी घरातलं लहान पोर पितं. एकदा एकानं डायक्लोफिनॅक सुचवलं. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं नाहीशी होण्याचं ते मोठं कारण ठरलं. मी ग्रुपवर हे लिहिलं. खाली दोन अंगठे आले, आणि लगेच कुणीतरी विचारलं, "मग त्याच्या जागी काय मारायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याच्या दावणीला गाय बसलीय, त्याला गिधाडांचा इतिहास नको असतो. त्याला गाय उठायला हवी असते.

२०२२ साली लम्पी आला. मी दुसऱ्या वर्षाला होते. जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाच्या मोहिमा निघाल्या, आणि मोबाइलवर अफवांना ऊत आला. लम्पी झालेल्या गाईचं दूध प्यायलं की माणसालाही गाठी येतात, असा एक संदेश फिरत होता. हा आजार जनावरांपासून माणसाला होत नाही. पण त्या संदेशामुळे आमच्याकडच्या काही घरांनी चहासुद्धा बिनदुधाचा सुरू केला. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत रोग पसरतो, म्हणून गोठा कोरडा ठेवा, आजारी जनावर वेगळं बांधा, हे सांगणारे संदेशही होतेच. पण त्यात चमत्कार नव्हता, म्हणून ते कुणी पुढे ढकलत नव्हतं.

त्याच काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं लम्पीसाठी एक पारंपरिक उपाय प्रसारित केला होता. विड्याची पानं, मिरी आणि मीठ एकत्र वाटायचं, गुळात कालवायचं आणि थोडं थोडं जिभेवर चोळून चाटवायचं. आमच्या ग्रुपवर हा उपाय पोचला तेव्हा त्यातलं 'थोडं थोडं चाटवायचं' गळून गेलं होतं. त्या जागी कुणीतरी भर घातली होती : 'पातळ करून बाटलीने पाजा, लवकर गुण येतो.'

मी दसऱ्याला घरी आले होते. आमच्या शेजारच्या वस्तीवर आप्पांची एक संकरित गाय होती, तिसऱ्या वेताची. तिच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, ताप होता, गळ्याखाली सूज होती. आप्पांच्या मुलानं, दादानं, मोबाइल बघून काढा केला. दोघांनी मिळून तिचं तोंड वर ओढून धरलं आणि बाटली घशात रिकामी केली. गाय ठसकली, नाकातून फेस आला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं होतं. फुप्फुसाला सूज आली होती. पाचव्या दिवशी गाय गेली. जेसीबी बोलावून खड्डा केला, चुना टाकला, पुरली.

त्या संध्याकाळी मी वहिनींजवळ चुलीपाशी बसले होते. वहिनी म्हणजे दादाची बायको. त्या गाईची धार त्याच काढायच्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोन दिस तिला गिळता येत नव्हतं गं. पाणी प्यायली की नाकातनं यायचं. मी बघत हुते."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? मोबाइल ह्यांच्याकडं. हे दिवसभर ट्रॅक्टरवर. ग्रुपवर ह्यांनी काय लिवलं, मला काय ठावं."

गिळता येत नसलेल्या जनावराला तोंडावाटे पातळ औषध पाजायचं नाही, हे आम्हाला पुढे शिकवलं गेलं. पण त्या दिवशी मला त्याहून वेगळी गोष्ट कळली. गाईचा आजार ओळखायला लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या घरात होती. ती ग्रुपवर गेली नाही, कारण ती ज्या बाईजवळ होती तिच्या हातात फोन नव्हता. आणि ज्याच्या हातात फोन होता, त्यानं गाईला पाणी पिताना पाहिलं नव्हतं.

नंतर दवाखान्यातल्या प्रात्यक्षिकांना आमचे एक सर याच मुद्द्यावर अडून बसायचे. टेबलाशी माणूस आला की आम्ही केसपेपर भरायला घ्यायचो. मालकाचं नाव, गाव, जनावराची जात, वय. सर मध्येच विचारायचे, "धार कोण काढतं?" समोरचा माणूस गडबडायचा. "आमची मंडळी." "मग त्यांना फोन लावा." आणि फोनवरच्या बाई धडाधड सांगत जायच्या. परवापासून डाव्या मागच्या सडाला हात लावू देत नाही. शेण बांधून येतंय. काल रात्री रवंथ केलं नाही. मालकाच्या 'खात नाही'पेक्षा हे कितीतरी पुढचं होतं. जनावर स्वतःचं दुखणं सांगू शकत नाही. ते दिवसातून दोनदा त्याच्या पोटाला डोकं टेकून बसणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. आमच्याकडे ते माणूस बहुतेक वेळा बाई असतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी ठरवलं, की ग्रुपवर औषध सांगायचं नाही. तसा मला अधिकारही नव्हता. पण प्रश्न विचारायला नोंदणी लागत नाही. 'औषध?' असा संदेश आला की मी खाली पाच प्रश्न टाकायचे. व्याली कधी? रवंथ करते का? शेण-लघवी कशी आहे? ताप मोजला का? आणि धार कोण काढतं, त्यांच्याशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नावर सुरुवातीला हसणाऱ्या स्मायली आल्या. एका काकांनी लिहिलं, "ताई, गाय आजारी हाय, बायको न्हाय."

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की प्रश्नांइतकंच फोटो-व्हिडिओ कसे घ्यायचे हेही सांगावं लागतं. मोबाइल सगळ्यांकडे होता, पण जनावराचा व्हिडिओ काढताना लोक तोंडाचा काढत. जसा माणसाचा काढतात तसा. गाईच्या तोंडावरून फारसं काही कळत नाही. मी वहीत टिपणं काढत गेले, आमच्या शिक्षकांना दाखवली, दुरुस्त करून घेतली, आणि शेवटी त्याची एक यादी झाली.

आधी कानातल्या बिल्ल्याचा फोटो, म्हणजे कुठल्या जनावराविषयी बोलतोय ते नक्की होतं. मग डाव्या कुशीचा सलग दोन मिनिटांचा व्हिडिओ, फोन न हलवता. गाईचं मोठं पोट, म्हणजे रुमेन, डाव्या बाजूला असतं. निरोगी गाईत ते साधारण मिनिटाला एक-दोनदा आकुंचन पावतं आणि कुशीवर लाट उठल्यासारखी दिसते. त्याच व्हिडिओत श्वासही मोजता येतात. लंगडत असेल तर चालतानाचा व्हिडिओ एकदा बाजूनं, एकदा मागून. दुधात बिघाड वाटला तर पहिल्या दोन-तीन धारा काळ्या भांड्यावर घ्यायच्या. घरातल्या तव्याची पालथी बाजू उत्तम. काळ्यावर दुधातल्या बारीक गाठी लगेच दिसतात आणि कासदाह, म्हणजे आमच्याकडे ज्याला दगडी म्हणतात, तो लवकर पकडता येतो. तवा नंतर गरम पाण्यानं धुवायचा, हेही लिहावं लागलं.

डोळ्याच्या पापणीच्या आतला रंग बघायचा असेल तर फोटोत पांढरा कागद शेजारी धरायचा. ही युक्ती मला एका मैत्रिणीनं सुचवली. गोठ्यातला दिवा पिवळा असेल तर निरोगी गायही कावीळ झाल्यासारखी दिसते. कागद शेजारी असला की दिव्याचा पिवळेपणा आणि डोळ्याचा पिवळेपणा वेगळा करता येतो. आणि मोबाइलचे फोटो सुंदर करणारे फिल्टर बंद. एका पोरानं पाठवलेल्या फोटोत म्हशीची कातडी इतकी तुकतुकीत होती, की मी विचारलं, "ही आजारी कुठं आहे?"

ताप हा सगळ्यात अवघड विषय निघाला. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबानं तो ताप वाटतो, त्यामुळे दोनतीन घरांनी चांगल्या गाईला तापाचं औषध दिलं होतं. थर्मामीटर गुदद्वारातून लावायचा, त्याला दोरा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना अडकवायचा, म्हणजे तो पडत नाही की आत जात नाही. मी त्याचा ५० सेकंदांचा व्हिडिओ केला. आमच्याच गाईवर, वहिनींच्या हातांनी. आवाज त्यांचाच. "हे बघा, भ्यायचं न्हाय, मागं उभं राहायचं न्हाय, लाथ बसती."

याच सुमारास माझ्या वर्गातली मुलं रील करायला लागली होती. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे गाणं, मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. एका मित्राच्या पिल्लाला ११ हजार लोकांनी पाहिलं. त्याच्याकडून मी खूप शिकले. पहिल्या तीन सेकंदांत विषय यायला हवा, अक्षरं मोठी हवीत, आवाज वाऱ्यात हरवू नये म्हणून फोनच्या माइकजवळ रुमाल धरायचा. माझा थर्मामीटरचा व्हिडिओ मी इन्स्टाग्रामवर टाकला. ३१२ जणांनी पाहिला. मित्र म्हणाला, "गाय चालत नाही गं. कुत्रा घे."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत फिरला. तो किती जणांनी पाहिला हे मोजायचं साधन नाही. फक्त आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्यानं एकदा विचारलं, "काय गं, बाया थर्मामीटर कशाला न्यायला लागल्यात?" माझ्या कामाचा आकडा मला तिथं मिळाला. पशुवैद्यकासाठी समाजमाध्यम कशाला, याचं उत्तरही मला त्या दुकानात मिळालं. ज्या गोठ्यापर्यंत मी पोचू शकते, किंवा जिथला डॉक्टर पोचू शकतो, तिथला माणूस नीट बघायला शिकला पाहिजे. त्यापलीकडच्या अकरा हजारांनी टाळ्या वाजवल्या तर आनंदच आहे, पण त्यातून एकाही गाईचा ताप मोजला जात नाही.

मग आम्ही बायांचा वेगळा ग्रुप केला. सुरुवात नऊ जणींपासून. अडचणी तंत्रज्ञानाच्या कमी आणि घरातल्या जास्त होत्या. तिघींचा स्वतःचा फोन नव्हता. मुलाचा फोन संध्याकाळी गेम खेळून झाला की मिळायचा. एकीच्या सासूबाईंना वाटलं, सून ग्रुपवर घरातलं सांगते. दोघींना लिहिता येत होतं, पण मोबाइलवर मराठी टाइप करायचा कंटाळा. तिथं बोलून पाठवायची सोय कामाला आली. माइकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. इतकं एक जमल्यावर ग्रुप वाहायला लागला. त्या आवाजांत मागे बादलीत पडणारी धार ऐकू येते, कोंबड्या ऐकू येतात, मध्येच "ए, सर की तिकडं" असं गाईला दटावणं येतं. रोगाची हकिकत इतकी सविस्तर मला दवाखान्याच्या केसपेपरवर कधी दिसली नाही.

गेल्या हिवाळ्यात एक संदेश पुरुषांच्या ग्रुपवर आणि दुसरा बायांच्या ग्रुपवर एकाच गाईविषयी आला. पुरुषांच्या ग्रुपवर तिच्या मालकानं बाजारातून लिहिलं होतं : 'गाय बसली आहे. थंडीने आखडली. कोणते इंजेक्शन?' खाली लगेच तीन इंजेक्शनांची नावं. बायांच्या ग्रुपवर त्याच घरातल्या काकूंचा आवाज होता. "अगं, काल सांजच्याला व्याली, कालवड झाली. जार पडला येवस्थित. सकाळी धार काढली, चांगलं भरून दूध दिलं. आता उठंना झालीया. मान वळवून कुशीला टेकवलीया. आणि कान बघ, बर्फावानी गार लागत्यात."

व्यायल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत भरपूर दूध देणारी गाय, मान कुशीवर, कान गार. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या संकरित गाईत हे दिसलं की पहिला संशय दुग्धज्वराचा. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग गार पडतं. दुधावाटे कॅल्शियम इतक्या वेगानं बाहेर जातं, की रक्तातलं प्रमाण कोसळतं आणि स्नायू चालेनासे होतात. वेळ गेला तर गाय काही तासांत जाऊ शकते. मी काकूंना थर्मामीटर लावायला सांगितला, ९९च्या खाली. मी आमच्या तालुक्यातल्या पशुवैद्यकांना फोन केला, काकूंचा आवाज त्यांना जसाच्या तसा पुढे पाठवला. काकूंना सांगितलं, तोंडात काहीही ओतू नका, गाय एका अंगावर पडू देऊ नका, बाजूला भुश्श्याची पोती लावून छातीवर बसती ठेवा.

डॉक्टर पाऊण तासात पोचले. त्यांनी शिरेतून कॅल्शियम हळूहळू दिलं, एक हात सलाईनच्या नळीवर आणि कानात स्टेथोस्कोप. हे औषध घाईनं गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून प्रत्येक मिनिटाला ठोके ऐकत बसावं लागतं. काकूंच्या मुलीनं मला व्हिडिओ कॉल लावला होता. बाटली संपत आली तशी गाईच्या अंगावर थरथर उठली, तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं मागचे पाय आधी, मग पुढचे, अशी उभी राहिली. काकू फोनमध्ये बघून म्हणाल्या, "उठली गं बाई." डॉक्टर मला म्हणाले, "तुझ्या काकूंनी निम्मं निदान पाठवलं होतं. मी गाडीतच कॅल्शियमच्या बाटल्या वर काढून ठेवल्या."

हे सांगताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गाईला फोननं वाचवलं नाही. तिला शिरेत गेलेल्या सुईनं वाचवलं, आणि ती सुई धरणारा माणूस पाऊण तासाच्या अंतरावर होता म्हणून. जिथं तो नाही, तिथं सरकारी १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवता येतं. तेही यायला वेळ लागतो. मोबाइलला ज्या गोष्टी करता येत नाहीत त्यांची यादी इंटर्नशिपमध्ये रोज वाढते. व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी दूध घटलेल्या गाईच्या श्वासाला कधीकधी नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तो किटोसिसचा. तो वास व्हिडिओत येत नाही. पोट सरकलं असेल तर बरगडीवर टिचकी मारून स्टेथोस्कोपनं ऐकल्यावर धातूसारखा टणकार येतो. तो प्रत्यक्षच ऐकावा लागतो. गर्भ किती महिन्यांचा, हे हाताला कळतं. मोठ्या गोठ्यांत आता गाईच्या गळ्यात पट्टे बसवतात, ते तिच्या हालचाली मोजून माजाची सूचना मोबाइलवर देतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'फुले अमृतकाळ' हे ॲप हवेतलं तापमान आणि आर्द्रता यांवरून गाईला उष्णतेचा ताण आहे का ते सांगतं. हे सगळं उपयोगाचं आहे. पण पट्ट्यानं सूचना दिली तरी मध्यरात्री उठून गाय खरंच माजावर आहे का, हे बघायला कुणीतरी गोठ्यात जावंच लागतं.

सध्या मी ज्या दवाखान्यात इंटर्न आहे, तिथं जनावरांच्या नोंदींचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येक गाई-म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी क्रमांक, आणि त्या क्रमांकावर 'भारत पशुधन' प्रणालीत तिची सगळी हकिकत. कुठली लस कधी, रेतन कधी, आजार कुठला. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडतं. आजवर जनावराचा इतिहास एका घरातल्या बाईच्या डोक्यात असायचा. गाय विकली की तो तिथंच राहायचा. आता तो गाईबरोबर जाऊ शकतो. मात्र नोंद करताना मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर लागतो. मी आजवर केलेल्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून जास्त नंबर पुरुषांचे आहेत. लसीची तारीख आली, रेतनाची नोंद बघायची, तर फोन त्यांनाच जाणार. ते ट्रॅक्टरवर, बाजारात, पुण्याला.

म्हणून मी आता बिल्ला मारताना विचारते, "धार कोण काढतं?" आणि ज्यांचं नाव येतं त्यांचा नंबर मागते. काही घरांत लगेच देतात. काही घरांत "तिला काय कळतंय त्यातलं" असं ऐकावं लागतं. तेव्हा मी वाद घालत नाही. गाईच्या शेणाचा रंग परवा कसा होता, एवढंच विचारते आणि थांबते. उत्तर कुठून येतं ते सगळ्यांनाच दिसतं.

पुढच्या वर्षी माझी नोंदणी होईल, आणि मग 'औषध?'ला औषध लिहिता येईल. ते गोठ्यात जाऊनच लिहायचं, हे मी ठरवलंय. फोनवर मी प्रश्नच विचारत राहीन. गेल्या महिन्यात आप्पांच्या वस्तीवर नवी कालवड आली. वहिनींनी स्वतः ठेवलेल्या पैशांतून घेतलेली. दादानं आधार कार्ड काढून दिलं, मालक म्हणून नाव त्याचंच लागलं. मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी मी थांबले. दादा वहिनींकडे बघून म्हणाला, "हिचाच टाका. मला कोण उठवणार रात्री." वहिनींनी नंबर सांगितला. दोनदा, सावकाश, एकेक आकडा.